दोन सभागृहांच्या संसदेत शेवटचा शब्द कोणाचा असावा?

अन्वय

गेले काही महिने मी निरनिराळ्या देशांतील वरिष्ठ सभागृहांच्या अधिकारांविषयी वाचतो आहे आणि दर वेळी एकाच प्रश्नापाशी येऊन अडतो आहे. सरकार ज्या सभागृहाला जबाबदार असते, कायद्याच्या बाबतीत अखेरचा निर्णय त्याच सभागृहाने घ्यावा, हे तत्त्व मला मान्य आहे. मात्र दुसऱ्या सभागृहाला केवळ सल्ल्याचा अधिकार ठेवला, तर त्याच्या सल्ल्याची कोणी दखल घेत नाही. आणि बरोबरीचा अधिकार दिला, तर बहुमताने निवडून आलेले सरकारही अडकून पडते.

इटलीत ही अडचण फार ठळकपणे दिसते. १ जानेवारी १९४८ रोजी अंमलात आलेल्या तेथील राज्यघटनेने प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोघांना सर्वार्थाने समान ठेवले. प्रत्येक कायदा दोन्हीकडे एकाच मसुद्यात संमत व्हावा लागतो आणि सरकारलाही दोन्ही सभागृहांचा विश्वास टिकवावा लागतो. जानेवारी २००८ मध्ये रोमानो प्रोदी यांच्या सरकारने प्रतिनिधिगृहात विश्वासदर्शक ठराव जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी सिनेटमध्ये १६१ विरुद्ध १५६ मतांनी ते पडले. असे असूनही डिसेंबर २०१६ मध्ये सिनेटचे अधिकार कमी करणारी घटनादुरुस्ती सार्वमताला आली, तेव्हा सुमारे ५९ टक्के मतदारांनी ती फेटाळली.

जी व्यवस्था सदोष आहे हे जवळजवळ सर्वांना मान्य होते, ती बदलण्यास लोकांनी नकार का दिला असावा? केवळ तत्कालीन सरकारविषयीची नाराजी एवढेच त्याचे कारण मानावे, की दुरुस्तीच्या मसुद्यातच काही उणीव होती? आणि ज्या सभागृहाचे अधिकार छाटायचे, त्याचीच संमती घ्यावी लागत असेल, तर अशी सुधारणा मुळात घडते तरी कशी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शरयू

अन्वयजी, नाराजीचा वाटा मोठा होता, यात शंका नाही. पंतप्रधान मात्तेओ रेन्झी यांनी सार्वमत हरल्यास पद सोडण्याचे आधीच जाहीर केले होते, आणि त्यामुळे सिनेटविषयीच्या प्रश्नाचे रूपांतर स्वतः रेन्झी हवेत की नकोत, या प्रश्नात झाले. फ्रान्समध्ये एप्रिल १९६९ मध्ये नेमके हेच घडले होते. शार्ल द गॉल यांनी प्रादेशिक प्रशासनाची फेररचना आणि सिनेटचे रूपांतर असे दोन विषय एकाच सार्वमतात गुंफले, त्यावर आपले पद पणाला लावले, आणि सुमारे ५२ टक्के मते विरोधात गेल्यावर राजीनामा दिला. जो नेता घटनादुरुस्तीला स्वतःवरील विश्वासाची कसोटी बनवतो, तो आपल्या सर्व विरोधकांना एका झेंड्याखाली आणून उभे करतो. मग त्यांपैकी कित्येकांना ती दुरुस्ती मनातून पटलेली असली तरी काही फरक पडत नाही.

तरीही मसुद्याला दोषमुक्त ठरवणे योग्य होणार नाही, असे माझे मत आहे. ३१५ निर्वाचित सदस्यांच्या सिनेटऐवजी १०० सदस्यांचे सिनेट येणार होते. त्यांपैकी ७४ जण प्रादेशिक परिषदांचे सदस्य, २१ जण महापौर आणि ५ जण राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले असणार होते. सरकारवर विश्वास दाखवण्याचा अधिकार केवळ प्रतिनिधिगृहाकडे राहणार होता. सर्वसाधारण विधेयक प्रतिनिधिगृहात संमत झाल्यावर, सिनेटच्या एक तृतीयांश सदस्यांनी दहा दिवसांत मागणी केल्यास सिनेटला ते तपासता येणार होते आणि पुढच्या तीस दिवसांत दुरुस्त्या सुचवता येणार होत्या, पण त्या स्वीकारण्याचे बंधन प्रतिनिधिगृहावर नव्हते. इथपर्यंत सगळे सरळ वाटते.

अडचण पुढे सुरू होते. काही विषयांत, विशेषतः घटनादुरुस्ती आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्यांत, सिनेटचा अधिकार बरोबरीचाच राहणार होता. मूळ राज्यघटनेतील ७० वे कलम एका वाक्याचे आहे: कायदे करण्याचे कार्य दोन्ही सभागृहे मिळून करतात. दुरुस्तीनंतर त्याच कलमात कोणते विधेयक कोणत्या मार्गाने जाईल, याच्या तपशिलांचे परिच्छेदच्या परिच्छेद येणार होते. एखाद्या विधेयकाचा मार्ग कोणता, यावर दोन सभागृहांत मतभेद झाला, तर दोन्ही सभापतींनी आपसांत सहमतीने ठरवावे, अशी तरतूद होती. त्यांचेच एकमत झाले नाही तर काय, याचे समाधानकारक उत्तर मसुद्यात नव्हते. म्हणजे पेचप्रसंग नाहीसा होत नव्हता, तो विधेयकाच्या आशयावरून त्याच्या वर्गीकरणावर सरकणार होता.

त्याहून गंभीर प्रश्न रचनेचा होता. हे सदस्य नक्की कोणाचे प्रतिनिधी? प्रदेशांचे म्हणावे, तर प्रादेशिक सरकारांचा त्यांच्या मतावर काहीच अधिकार नव्हता. पक्षांचे म्हणावे, तर त्यांना थेट मतदारांनी निवडलेले नव्हते. महापौराने आपले शहर सांभाळून राष्ट्रीय कायद्यांची छाननी करावी, तीही सिनेटचे वेगळे वेतन न घेता, ही अपेक्षा कितपत वास्तव होती, हा प्रश्न समर्थकांनाही सतावत होता. शिवाय त्याच सुमारास केलेल्या निवडणूक कायद्यानुसार प्रतिनिधिगृहात विजयी यादीला ६३० पैकी ३४० जागांची हमी मिळणार होती. एका सभागृहात कृत्रिम बहुमत आणि दुसऱ्याचा धाक नाहीसा, हे दोन्ही बदल एकत्र वाचणाऱ्या मतदाराला भीती वाटली असेल, तर ती निराधार म्हणता येणार नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये याच मतदारांनी सुमारे ७० टक्के मतांनी दोन्ही सभागृहांची एकूण निर्वाचित सदस्यसंख्या ९४५ वरून ६०० वर आणण्यास मान्यता दिली. तो प्रश्न एकाच विषयाचा होता आणि त्याचा परिणाम प्रत्येकाला समजत होता. मात्र दोन सभागृहांमधील समतोल त्या सार्वमताने तसूभरही बदलला नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

निरंजन

शरयूताईंनी मांडलेला रचनेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि जर्मनीकडे पाहिल्यास तो अधिक स्पष्ट होतो. तेथील वरिष्ठ सभागृहात, म्हणजे बुंडेसराटमध्ये, निवडून आलेले सदस्य नसतातच. घटकराज्यांच्या सरकारांतील मंत्री तेथे बसतात, प्रत्येक राज्याला लोकसंख्येनुसार ३ ते ६ मते असतात आणि ती सर्व मते एकाच बाजूने द्यावी लागतात. एकूण ६९ मतांपैकी ३५ मते मिळाल्याशिवाय ठराव संमत होत नाही, त्यामुळे तटस्थ राहणे आणि विरोधात मत देणे यांचा परिणाम सारखाच होतो. राज्यात आघाडी सरकार असेल आणि घटक पक्षांचे एकमत होत नसेल, तर ते राज्य तटस्थ राहते, असे आघाडीच्या करारातच लिहून ठेवण्याची पद्धत आहे.

ही पद्धत मोडली तेव्हा काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. २२ मार्च २००२ रोजी स्थलांतरविषयक कायद्यावर मतदान होते आणि ब्रांडेनबुर्ग राज्याच्या चार मतांवर निकाल अवलंबून होता. त्या राज्याची हाक आली, तेव्हा एका मंत्र्याने होकार दिला आणि आघाडीतील दुसऱ्या पक्षाच्या मंत्र्याने नकार दिला. राज्याने मते एकसंध दिली नसल्याचे अध्यक्षस्थानी असलेल्या क्लाउस वोवेराइट यांनी नमूद केले आणि मुख्यमंत्री मानफ्रेड श्टोल्पे यांना विचारले. त्यांनी मुख्यमंत्री या नात्याने होकार दिला. दुसऱ्या मंत्र्याने आपले मत अध्यक्षांना ठाऊक असल्याचे सांगितले, तरीही चार मते होकारात मोजली गेली. सभागृहात प्रचंड गदारोळ झाला, राष्ट्राध्यक्षांनी पुढे कायद्यावर स्वाक्षरी केली, पण प्रकरण घटनात्मक न्यायालयात गेले आणि डिसेंबर २००२ मध्ये तो कायदा रद्द झाला. एका राज्याची मते विभागून देता येत नाहीत आणि विभागली गेली तर ती मोजता येत नाहीत, असा त्या निकालाचा गाभा होता. त्यानंतर मध्यस्थी समितीतून वाटाघाटी होऊन स्थलांतराचा कायदा २००४ मध्ये संमत झाला आणि जानेवारी २००५ पासून लागू झाला. दोन्ही सभागृहांचे प्रत्येकी १६ सदस्य असलेली ही समिती जर्मन पद्धतीचा कणा आहे, असे मी म्हणेन.

अधिकारांचे वाटप तेथे विषयानुसार आहे. ज्या कायद्यांमुळे घटकराज्यांच्या प्रशासनावर किंवा तिजोरीवर थेट भार पडतो, त्यांना बुंडेसराटची संमती आवश्यक असते. इतर कायद्यांवर ते आक्षेप घेऊ शकते, पण कनिष्ठ सभागृह तो आक्षेप बहुमताने दूर सारू शकते. काळाच्या ओघात संमती लागणाऱ्या कायद्यांचे प्रमाण निम्म्याच्याही वर गेले, आणि २००६ ची संघराज्यविषयक घटनादुरुस्ती मुख्यतः ते प्रमाण खाली आणण्यासाठी झाली. ती संमत झाली, कारण तो सौदा होता. घटकराज्यांनी नकाराधिकाराचा काही भाग सोडला आणि त्या बदल्यात काही विषयांवर स्वतः कायदे करण्याचे अधिकार मिळवले. आपले अधिकार कमी करण्यास सभागृह कसे तयार होते, या आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे: त्याच्यामागे उभ्या असलेल्या घटकाला दुसरीकडे काही मिळाले, तर ते तयार होते. इटलीतील सिनेटरांना देण्यासारखे २०१६ च्या मसुद्यात काही नव्हते.

ध्रुवपद

वरील सर्व चर्चा दुसरे सभागृह हवेच, असे गृहीत धरून चालली आहे. मला ते गृहीतक मान्य नाही. न्यूझीलंडने १९५० मध्ये कायदा करून आपले नियुक्त विधान परिषद-सभागृह रद्द केले. ते रद्द करण्याच्या बाजूने मत देतील अशाच सदस्यांची सरकारने त्यात नेमणूक केली होती. डेन्मार्कने १९५३ मध्ये तोच मार्ग धरला आणि स्वीडनची संसद १९७१ पासून एकसदनी आहे. या तिन्ही देशांत लोकशाही दुबळी झाली, असे कोणी म्हणणार नाही. संघराज्य नसलेल्या देशात एकाच मतदाराचे दोनदा प्रतिनिधित्व करण्याचा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर दुसऱ्या सभागृहाच्या समर्थकांनी आधी द्यावे.

कावेरी

ध्रुवपद यांनी दिलेली उदाहरणे खरी आहेत, पण त्या देशांत सरकारवरचा अंकुश दुसरीकडून येतो, ही बाब त्यांनी वगळली आहे. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वामुळे, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा मिळत असल्यामुळे, एका पक्षाला क्वचितच बहुमत मिळते. न्यूझीलंडमध्ये मात्र त्या काळी एका पक्षाला सहज बहुमत देणारी निवडणूक पद्धत होती, आणि दुसरे सभागृह गेल्यावर मंत्रिमंडळाला अडवणारे फारसे कोणी उरले नाही, ही तक्रार तेथे पुढची कित्येक वर्षे होत राहिली. १९९६ पासून मिश्र प्रमाणशीर पद्धतीने निवडणुका होऊ लागल्या, तेव्हा ती पोकळी बऱ्याच अंशी भरली. आयर्लंडच्या मतदारांनीही ऑक्टोबर २०१३ मध्ये, अगदी निसटत्या बहुमताने का होईना, आपले सिनेट रद्द करण्यास नकार दिला. सुधारणेचा पर्याय समोर न ठेवता फक्त राहू द्यायचे की काढायचे, एवढेच त्यांना विचारले गेले होते.

मूळ प्रश्नाविषयी सांगायचे, तर अधिकारांच्या यादीपेक्षा मतभेद झाल्यानंतरची कार्यपद्धती मला अधिक निर्णायक वाटते. ब्रिटनमध्ये १९०९ चा अर्थसंकल्प उमरावांच्या सभागृहाने फेटाळला, १९१० मध्ये दोनदा निवडणुका झाल्या आणि ऑगस्ट १९११ मध्ये उमरावांनी स्वतःच्या नकाराधिकारावर पाणी सोडणारा कायदा १३१ विरुद्ध ११४ मतांनी संमत केला. तो त्यांनी खुशीने केला नाही. सरकार राजाकडून शेकडो नवे उमराव नेमून घेईल, ही टांगती तलवार होती. मात्र त्या कायद्याने त्यांचा नकाराधिकार काढून त्याच्या जागी विलंबाचा अधिकार ठेवला. धन विधेयकाला, म्हणजे केवळ कर आणि सरकारी खर्च यांविषयीच्या विधेयकाला, एक महिना आणि इतर बहुतेक विधेयकांना दोन वर्षे. १९४९ मध्ये ही दोन वर्षे एकावर आली. वर्षभर विधेयक रोखता येते, या एका गोष्टीमुळे मंत्री तडजोडीला तयार होतात, आणि हा कायदा वापरून उमरावांना डावलण्याची वेळ गेल्या शतकाहून अधिक काळात मोजक्याच वेळा आली आहे.

ऑस्ट्रेलियाने उलट टोक गाठले. तेथील सिनेटला धन विधेयकात स्वतः दुरुस्ती करता येत नाही, पण ते नाकारता येते. ऑक्टोबर १९७५ मध्ये सिनेटने सरकारी खर्चाची तरतूद रोखून धरली आणि ११ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी प्रतिनिधिगृहात बहुमत असलेल्या गॉफ व्हिटलॅम यांना पंतप्रधानपदावरून दूर केले. राज्यघटनेच्या ५७ व्या कलमात पेचप्रसंगाचा मार्ग दिलेला आहे: दोन्ही सभागृहे एकदम विसर्जित करायची, आणि तरीही मार्ग निघाला नाही तर संयुक्त बैठक घ्यायची. पण त्या मार्गाला जे महिने लागतात, तेवढे दिवस पैसा अडकलेले सरकार तग धरू शकत नाही. अर्थसंकल्प रोखण्याची मुभा आणि सरकार कनिष्ठ सभागृहाला जबाबदार असण्याचे तत्त्व एकत्र नांदू शकत नाहीत, एवढा धडा मी त्यातून घेते.

भारताच्या घटनाकारांनी हे दोन्ही धोके ओळखलेले दिसतात. धन विधेयक राज्यसभेला चौदा दिवसांत परत करावे लागते आणि तिच्या शिफारशी लोकसभेवर बंधनकारक नसतात. इतर विधेयकांसाठी १०८ व्या कलमाखाली संयुक्त बैठक आहे. ती आजवर १९६१, १९७८ आणि २००२ अशी तीनदाच विधेयकासाठी झाली. २००२ मध्ये दहशतवादविरोधी विधेयक राज्यसभेने फेटाळल्यावर ते संयुक्त बैठकीत ४२५ विरुद्ध २९६ मतांनी संमत झाले. घटनादुरुस्तीला मात्र हा मार्ग बंद आहे. सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द करणाऱ्या दुरुस्तीला राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ मते पडली, दोन तृतीयांशाला एका मताहूनही कमी फरक राहिला आणि विधेयक पडले. पुढच्या वर्षी नव्या लोकसभेच्या काळात तनखे रद्द झालेच, पण मधल्या निवडणुकीत तो प्रश्न लोकांसमोर गेला होता. दुसऱ्या सभागृहाने करावे ते काम यापेक्षा वेगळे नसावे.

या रचनेतील कच्चा दुवा धन विधेयकाच्या व्याख्येत आहे. एखादे विधेयक त्या वर्गात बसते की नाही, याबाबत लोकसभा अध्यक्षांचा निर्णय अंतिम असेल, असे ११० वे कलम सांगते. मार्च २०१६ मध्ये आधारचा कायदा या मार्गाने गेला; राज्यसभेने सुचवलेल्या पाचही दुरुस्त्या लोकसभेने त्याच दिवशी नाकारल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बहुमताने त्याला धन विधेयक मानले, तर २०१९ मध्ये दुसऱ्या खटल्यात ही व्याख्या मोठ्या पीठाकडे सोपवली. इटलीच्या मसुद्यात दोन सभापतींवर टाकलेला भार इथे एकाच व्यक्तीवर आहे. वर्गीकरणाचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच हाती समतोल, असे मला वाटते. म्हणून सुधारणा करायचीच असेल, तर ती या ठिकाणी आधी व्हावी.

अन्वय

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या उत्तरांवरून मला असे दिसते की २०१६ च्या मसुद्याने अधिकार आधी ठरवले आणि सभागृह कोणाचे, हे नंतर जुळवून घेतले. एक शंका अजून राहते. कावेरीताई, वर्गीकरणाचा निर्णय अध्यक्षांकडून काढून न्यायालयाकडे दिला, तर प्रत्येक विधेयकाचा मार्ग खटल्यात अडकणार नाही का?

कावेरी

अन्वयजी, तो धोका आहे, म्हणून हा निर्णय थेट न्यायालयाकडे देण्याचे मी सुचवणार नाही. जर्मनीतील मध्यस्थी समितीप्रमाणे दोन्ही सभागृहांच्या समसमान सदस्यांची एक छोटी स्थायी समिती नेमावी, विधेयक मांडले जाताच तिने सात दिवसांत लेखी मत द्यावे, आणि अध्यक्षांनी त्या मताविरुद्ध निर्णय घेतल्यास त्याची कारणे सभागृहाच्या कामकाजात नोंदवावीत. अंतिम अधिकार अध्यक्षांकडेच राहील, त्यामुळे विधेयक थांबणार नाही. पण पुढे खटला झालाच, तर न्यायालयासमोर केवळ एक प्रमाणपत्र नसेल, तर दोन्ही सभागृहांनी त्या वेळी केलेला युक्तिवाद असेल. नियमावलीत बदल करून हे सुरू करता येईल, त्यासाठी घटनादुरुस्तीची वाट पाहण्याची गरज मला दिसत नाही.